बिल शून्य झाले, पण पाणी फुकट वर चढत नाही

साडेसात अश्वशक्तीपर्यंतचा पंप असलेल्या शेतकऱ्याला महाराष्ट्रात एप्रिल २०२४ पासून विजेचे बिल भरावे लागत नाही. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना मार्च २०२९ पर्यंत चालायची आहे. लाभार्थी सुमारे ४४ लाख आणि वर्षाचा खर्च १४,७६० कोटी रुपये, असे सरकारनेच योजना जाहीर करताना सांगितले होते. भागाकार केला तर एका पंपामागे वर्षाला साधारण साडेतेहतीस हजार रुपये पडतात. पाच अश्वशक्तीच्या चांगल्या, ताऱ्यांचे मानांकन असलेल्या नव्या पंपाची किंमत बाजारात विचारून पाहा. ती या आकड्यापासून फार लांब नसते.

मोफत विजेवर आपल्याकडे दोनच बाजूंनी बोलले जाते. एक म्हणते शेतकऱ्याला दिलासा मिळाला, दुसरी म्हणते तिजोरी बुडाली. दोघांचीही नजर रुपयांवर असते. विहिरीवरचा पंप कसा चालतो, एका युनिटमध्ये किती पाणी वर येते आणि ते आणायला माणूस रात्री किती वाजता उठतो, याची चर्चा क्वचितच होते. माझ्या मते खरा प्रश्न तिथेच आहे. बिल माफ झाल्याने पाणी उपसण्याची किंमत माफ होत नाही. ती दुसऱ्या खात्यावर चढते, आणि त्यातले बरेचसे खाते शेतकऱ्याचेच असते.

आधी थोडे गणित. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी एक मीटर उंच चढवायला किती ऊर्जा लागते हे निसर्गाने ठरवून दिलेले आहे. काहीच वाया गेले नाही तर एका युनिटमध्ये सुमारे ३६७ घनमीटर पाणी एक मीटर उचलले जाते. एका एकरावर एक इंच पाणी उभे करायचे म्हणजे एक लाख लिटरांहून थोडे जास्त पाणी लागते. पंधरा मीटर खोल पाणी असलेल्या विहिरीतून ते काढायला कागदावर सव्वाचार युनिट पुरतात. प्रत्यक्षात पंप निम्माही कार्यक्षम नसतो, त्यामुळे बारा ते पंधरा युनिट जातात. हेच पाणी शंभर मीटर खोल बोअरमधून काढायचे असेल तर कागदावरच अठ्ठावीस युनिट लागतात, आणि प्रत्यक्षात सत्तरच्या घरात. कोळशावर चालणाऱ्या केंद्रात एका युनिटला साधारण सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे अशा बोअरवरून एकरभर रानाला एक इंच पाणी दिले की चंद्रपूर, कोराडी किंवा परळीला जवळजवळ एक पोते कोळसा जळाला असे समजायला हरकत नाही. हरभरा दोन-तीन पाण्यांत निघतो. पाटपाण्यावरच्या उसाला तीस-पस्तीस पाळ्या लागतात. पोती किती, ते वाचकांनीच मोजावे.

भूजलाची पातळी खाली गेली की विजेचा खर्च वाढतो, तो असा सरळ प्रमाणात. देशात दरवर्षी सुमारे २४० अब्ज घनमीटर भूजल उपसले जाते आणि त्यातले ८७ टक्के शेतीला जाते. विहीर आटली म्हणून बोअर, बोअर आटले म्हणून आणखी खोल बोअर, आणि दर वेळी आधीपेक्षा मोठी मोटार. शून्य बिलात ही चढण दिसत नाही, एवढाच फरक.

आता वाया जाते त्याकडे वळू. समजा, एका पंधरा मीटर खोल विहिरीवर पाच अश्वशक्तीची मोटार आहे. ती सेकंदाला आठ लिटर पाणी देते आणि तासाला ४.२ युनिट घेते. पाणी चढवायच्या खऱ्या कामाला यातले १.२ युनिटसुद्धा लागत नाहीत. कार्यक्षमता झाली २८ टक्के. हे उदाहरण मी टोकाचे घेतलेले नाही. आपल्याकडच्या जुन्या पंपांची कार्यक्षमता २० ते ३५ टक्क्यांच्या दरम्यान असल्याचे अनेक पाहण्यांत दिसले आहे. चांगला, विहिरीला साजेसा पंप नीट बसवला तर ती पन्नासच्या आसपास नेता येते. तेवढेच पाणी, तेवढीच विहीर आणि वीज जवळजवळ निम्मी.

उरलेली वीज जाते कुठे? बरीचशी पाइपात. पाइपाचा व्यास थोडा कमी झाला की घर्षण भलतेच वाढते, कारण ते व्यासाच्या पाचव्या घाताच्या हिशेबाने बदलते. अडीच इंची पाइपाच्या जागी तीन इंची टाकला तर तेवढ्याच पाण्याला घर्षणात जाणारी ऊर्जा निम्म्याहून खाली येते. दोन इंची असेल तर फरक सात पटींचा. पाइप घेताना वाचवलेले पैसे मोटार पुढची पंधरा वर्षे जाळत राहते. गाळाने किंवा शेवाळाने तुंबलेला फूटव्हॉल्व्ह, गरज नसताना टाकलेले काटकोनी बेंड, विहिरीच्या काठाच्या वर चार-पाच फूट उंच नेऊन तिथून पाणी खाली सोडणारा पाइप, ही बाकीची गळती. यातल्या कशालाही सरकारी योजना लागत नाही, मिस्त्री लागतो. आणखी एक म्हणजे पंपाची निवड. दुकानदाराकडे जो असतो तो किंवा शेजाऱ्याने घेतला तो पंप आपण आणतो. साठ मीटर उंचीसाठी घडवलेला पंप पंधरा मीटरच्या विहिरीवर लावला तर तो चालतो, पाणीही देतो, पण विजेचे मातेरे करतो.

पण सगळा दोष शेतकऱ्याच्या पाइपावर टाकणे अन्यायाचे होईल. लायनीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या पंपाला ४१५ व्होल्ट मिळायला हवेत, तिथे तीनशे-सव्वातीनशे मिळणे नवे नाही. व्होल्टेज वीस टक्क्यांनी घटले की मोटारीचा उपलब्ध जोर सुमारे छत्तीस टक्क्यांनी घटतो. पाणी तेवढेच ओढायचे असल्याने मोटार जास्त प्रवाह घेते. प्रवाह पंचवीस टक्के वाढला तर तारेतली उष्णता छप्पन्न टक्के वाढते आणि एक दिवस वाइंडिंग जळते. मोटार बाहेर काढायची, टेम्पोत घालून तालुक्याला न्यायची, चार दिवस थांबायचे आणि तोवर पीक उन्हात. हे बिल कुठल्याच माफीत बसत नाही. दोन-तीनदा भरून झालेल्या मोटारीची कार्यक्षमताही आधीइतकी राहत नाही. म्हणून पुढच्या वेळी शेतकरी तीनच्या जागी पाचची, पाचच्या जागी साडेसातची मोटार घेतो. त्याच्या बाजूने हे शहाणपणाचेच असते. पण डीपीवरच्या वीसही जणांनी तेच केले की डीपी वाकते, व्होल्टेज आणखी पडते.

यावर कपॅसिटर हा जुना, स्वस्त उपाय आहे. मोटारीला काम करणाऱ्या प्रवाहाबरोबर चुंबकत्व उभे करणारा प्रवाहही लागतो. तो कपॅसिटरने जागेवरच पुरवला तर लायनीतून आणावा लागत नाही. पॉवर फॅक्टर ०.७५ वरून ०.९५ वर गेला तर लायनीतला प्रवाह एक पंचमांशाने कमी होतो आणि तारांत जाणारी उष्णता एक तृतीयांशाहून जास्त घटते. मग गावोगावी कपॅसिटर का दिसत नाहीत? कारण मी एकट्याने लावला तर फायदा वीस जणांत वाटला जातो आणि खर्च माझा एकट्याचा होतो. सगळ्यांनी लावला तरच प्रत्येकाची मोटार वाचते. ऑटो स्विचचेही तसेच. लाइट आली रे आली की सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात, डीपीवर धक्का बसतो आणि ती जळते. मग नवी डीपी येईपर्यंत गाव अंधारात आणि पीक तहानलेले. पंपाची वीज ही वैयक्तिक वाटणारी, पण मुळात सामायिक गोष्ट आहे. पाटाच्या पाण्याची पाळी सांभाळणाऱ्या गावांना हे समजावून सांगावे लागत नाही, पण डीपीच्या बाबतीत अशी पाळी कोणी बसवलेलीच नाही.

हे दुरुस्त करायची ओढ का निर्माण झाली नाही, याचे उत्तर विजेच्या आकारणीत आहे. पंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीवर ठोक आकार लावायची पद्धत सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून रुळली. लाखो विखुरलेले मीटर वाचणे परवडत नव्हते, हे त्यामागचे कारण. परिणाम असा की युनिट वाचवून कोणाचाच रुपया वाचेना. नेमकी किती वीज वापरली जाते हेही धूसर झाले. शेतीच्या नावावर दाखवलेल्या युनिटांत खरा वापर किती आणि गळती-चोरी किती, हा वाद नियामक आयोगापुढे वर्षानुवर्षे चालला आहे. २००४ मध्ये निवडणुकीआधी मोफत वीज जाहीर झाली आणि पुढच्याच वर्षी मागे घेतली गेली. त्यानंतर थकबाकी, तोडणी, सवलत, पुन्हा थकबाकी हे चक्र चालू राहिले. आज बिल शून्य आहे, म्हणजे वाद मिटल्यासारखा दिसतो. पण मोजायचे कारणही त्याबरोबर उरलेले नाही.

या सदरात विजेचा विषय घेण्याचे दुसरे कारण रात्रीचे आहे. शेतीच्या फिडरला थ्री फेज वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, पाळीपाळीने दिली जाते. दिवसा इतर ग्राहकांची मागणी जास्त असते, म्हणून शेतीचा भार रात्रीवर ढकलायचा, हा त्यामागचा हिशेब. कंपनीच्या दृष्टीने तो चोख आहे. पण रात्री दोन वाजता दारे धरायला जाणारा माणूस त्या हिशेबात कुठेच नाही. डिसेंबरच्या थंडीत पाण्यात पाय, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्यात फावडे. आठ दिवस असे काढायचे आणि दिवसाची कामेही करायची. रात्रपाळीच्या कामगाराच्या झोपेवर, रक्तदाबावर, साखरेवर भरपूर लिहिले गेले आहे. या रात्रपाळीला मात्र आपण रात्रपाळी समजतच नाही.

धोक्यांत पहिला साप. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज मांडला, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक मृत्यू ग्रामीण भागातले, निम्मे जून ते सप्टेंबरमधले, आणि तीन चतुर्थांशांहून अधिक रुग्णालयाबाहेर झालेले. हे सगळे पाणी देताना झाले असे कोणी म्हणणार नाही. पण अंधारात, ओल्या बांधावरून, अनवाणी किंवा चपलेवर चालणे ही घोणशीवर पाय पडण्याची नेमकी परिस्थिती आहे. मण्यार तर निशाचरच. लाइट यायची वाट पाहत मोटारीच्या खोलीत जमिनीवर आडवे होणाऱ्याला ती चावते. दंश फारसा दुखत नाही, सूजही येत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या मिटायला लागतात, बोलणे जड होते आणि मग श्वास. ‘काहीतरी चावले, पण विशेष नाही’ म्हणून थांबण्यात जीव जातो. चिरा देणे, घट्ट आवळणे, मंत्र, झाडपाला यांत वेळ न घालवता, चावलेला अवयव हलू न देता, प्रतिविष असलेले रुग्णालय गाठणे हाच इलाज. रात्री रानात जाणाऱ्याने गमबूट आणि चांगला उजेड वापरावा. पडायचेच असेल तर जमिनीवर नको, खाटेवर आणि मच्छरदाणी नीट खोचून पडावे. एवढ्यानेही धोका पुष्कळ कमी होतो.

दुसरा धोका खुद्द विजेचा. ओले हात, उघडा स्टार्टर, सोललेली केबल, नावापुरते अर्थिंग. अंधारात फ्यूज बदलायला स्वतःच डीपीवर हात घालणारे लोक प्रत्येक गावात आहेत, कारण वायरमन सकाळी येणार आणि लाइट पहाटे जाणार. जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागात तिसरी भीती बिबट्याची. उसाच्या फडाकडेने रात्री एकट्याने जायला तिथे माणसे तयार नसतात. दिवसा वीज द्या, ही त्या भागाची मागणी म्हणजे जीव वाचवण्याची मागणी आहे.

ही मागणी आज तांत्रिकदृष्ट्या अवघडही राहिलेली नाही. दिवसा वीज कमी आणि रात्री जास्त हा जुना हिशेब सौर ऊर्जेने उलटा केला आहे. दुपारी वीज मुबलक असते, तुटवडा सूर्य मावळल्यावर जाणवतो. शेतीच्या फिडरजवळच सौर प्रकल्प उभारून दिवसा पुरवठा करायचा, ही मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली. राळेगणसिद्धी हे तिच्या पहिल्या ठिकाणांपैकी एक. २०२३ पासून तिचा दुसरा, मोठा टप्पा चालू आहे. ज्या फिडरवर ती पोहोचली तिथे रात्रीची पाळी संपली पाहिजे, आणि ती संपली की नाही हे आरोग्य खात्यानेही विचारले पाहिजे, असे मला वाटते. दिवसा वीज हा सर्पदंशाच्या मृत्यूंवरचा प्रतिबंधक उपायसुद्धा आहे.

सौर पंपाबद्दल मात्र एक सावधगिरी हवी. एकदा पॅनेल बसले की पुढचे पाणी फुकट. ना बिल, ना मीटर, ना भारनियमन. सूर्य आहे तोवर मोटार चालू ठेवायला अडवणारे काहीच नाही. नदीकाठी किंवा कालव्याच्या लाभक्षेत्रात हे चालेल. जिथे बोअर दरवर्षी खाली जात आहेत तिथे हा पंप कोळसा वाचवील आणि विहीर संपवील. ठिबकाबद्दलही थोडे असेच. ठिबकाने पाणी वाचते, यात शंका नाही. पण ठिबकाला दाब लागतो, आणि एक किलोचा दाब म्हणजे दहा मीटर उंची. दहा मीटर खोल विहिरीवर फिल्टरसह ठिबक बसवले की पंपाला दुप्पट उंचीचे काम पडते. मग पाणी तिसऱ्या हिश्श्याने वाचले तरी वीज वाचेलच असे नाही. खोल बोअरवर गणित ठिबकाच्या बाजूने असते, कारण तिथे वाचलेला प्रत्येक लिटर शंभर मीटर चढायचा वाचतो. आणि वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ऊस लावला, तर जमिनीखाली काहीच वाचत नाही.

मग करायचे काय? मोफत वीज काढून घ्या, असे मी म्हणणार नाही. भाव पडतात, खते महागतात, अशा वेळी हा आधार मोठा आहे. पण ज्याच्याकडे विहीरच नाही त्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या वाट्याला यातला एक रुपयाही येत नाही, हे विसरू नये. माझे म्हणणे एवढेच की १४,७६० कोटींतला एक छोटा हिस्सा वीज वाचवण्यावर जावा. प्रत्येक डीपीवर कपॅसिटर आणि मीटर, गावात वर्षातून एकदा पंपांची तपासणी, जुना पंप देऊन नवा घ्यायला मदत. हे आपल्याकडे करून पाहिलेले आहे. सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढ्याच्या परिसरात २००९ च्या सुमारास केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या पुढाकाराने दोन हजारांहून अधिक जुने पंप बदलण्याचा पथदर्शी प्रकल्प झाला. तो पथदर्शीच राहिला. पंजाबने २०१८ पासून आणखी वेगळी वाट धरली. शेतकऱ्याला वीज मोफतच, पण ठरवून दिलेल्या कोट्यातले युनिट वापरले नाहीत तर प्रत्येकी चार रुपये त्याच्या खात्यात. ‘पाणी वाचवा, पैसे कमवा’ असेच त्या योजनेचे नाव. बिल न लावताही युनिटला किंमत देता येते, हे त्यात दिसते. आपल्याकडे हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी आणि पाण्याचा वार्षिक ताळेबंद गावाच्या बळावर चालवून दाखवला आहे. विजेचा ताळेबंद त्याच्या शेजारी मांडायला काय हरकत आहे?

तोवर आपला पंप किती वाया घालवतो, हे कोणालाही घरच्या घरी पाहता येईल. दोनशे लिटरचे पिंप घ्या आणि मोबाइलवर सेकंद मोजून पंपाच्या तोंडाशी भरा. पंचवीस सेकंदांत भरले तर सेकंदाला आठ लिटर. दोरीला दगड बांधून पाण्याच्या पातळीपासून पाइपाच्या तोंडापर्यंतची उंची मोजा, मीटरमध्ये. लिटर गुणिले मीटर गुणिले ९.८, भागिले हजार. हे आले खऱ्या कामाचे किलोवॅट. आता पंप तासभर चालवून मीटरवर किती युनिट पडले ते पाहा आणि पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. उत्तर ०.३ च्या खाली आले तर आधी फूटव्हॉल्व्ह काढून पाहा, मग पाइपाचा व्यास. राज्यातल्या लाखो पंपांवर या चाचणीची शेवटची पायरी करता येणार नाही, कारण तिथे मीटरच नाही.